फुकटचा बर्फ

खाडीकाठ, डोंबिवली
सोमवार, ५ सप्टेंबर १९८८

चि. दामाजीस मंजुळाताईचे आशीर्वाद.

शहाडच्या खोलीत तू, रंगू आणि पोरं बरी असाल. गणपती आठवड्यावर आले. घर सारवून झालं. बाबांचे गुडघे दुखतात, तरी जाळं विणायचं सोडत नाहीत.

गावाचा बर्फाचा कारखाना सुरू झाल्याचं तुझ्या कानावर असेलच. जागा आणि गोड्या पाण्याची विहीर शेतकऱ्यांच्या पाड्याची, मशीन आपल्या कोळीवाड्याच्या सोसायटीचं, आणि बर्फ घेणार आम्ही मासळी विकणाऱ्या बायका. होड्या बांधायच्या जागेवरून वर्षानुवर्षं भांडणारी ही माणसं एकत्र बसवताना माझा घसा बसला. शेवटी गेल्या वर्षी नारळी पुनवेचा मानाचा नारळ पाड्याच्या त्र्यंबकभाऊंच्या हातून खाडीत सोडला, तेव्हा कुठे जमलं. आपली म्हातारी माणसं फुगली. फुगू देत.

यंदा पुनवेनंतर होड्या सुटल्या आणि कल्याणच्या तुझ्या बर्फवाल्या शेठचा टेम्पो रोज पहाटे धक्क्यावर येऊ लागला. आधी अर्ध्या भावात बर्फ, मग फुकट. आमच्याच बायका पाट्या भरायला लागल्या आणि गावाच्या बर्फाच्या लाद्या पडून राहिल्या. असा संताप आला मला! आम्ही बंद पडलो की शेठ दुप्पट भाव लावणार, एवढंही कळू नये? घरोघर जाऊन भांडले.

शनिवारी टेम्पो आला, तेव्हा आमच्यातल्या जनाबाईने पाटी उपडी घातली आणि तिच्यावर बसली. म्हणाली, “आमचा बरफ गावान हाय. तुजा ने मांगारी.” मग एकेक करून सगळ्याच बसल्या. टेम्पोतून नुसतं पाणी गळत राहिलं.

तोंडाला फडकं बांधून लाद्या उतरवायला आलेला माणूस मी ओळखला, दामा. बाबांसारखाच डावा खांदा पुढे करतोस. घरी सांगितलेलं नाही. पोटासाठी करतोस, कळतं मला. तरी फार लागलं.

कारखान्याला मशीन चालवणारा माणूस हवाय. शेठकडे तू ते काम शिकलास, म्हणून मी तुझं नाव सुचवलं. त्र्यंबकभाऊ आधी हो म्हणाले, मग आपले. पगार शेठपेक्षा कमी मिळेल.

यापुढे टेम्पो आला तर धक्क्याच्या वळणावर आम्ही बायका रस्त्यात बसणार आहोत. सर्वांत पुढे मी. टेम्पोत तू असलास तरी उठणार नाही.

पायी आलास, तर चहा ठेवते.

तुझी, वळणावर बसलेली,
मंजुळाताई