मुक्याच्या डाव्या घळीतल्या खुणेबाबत

मी, खाली सही करणारी, वय अठ्ठावीस, अविवाहित, तंबू शिवण्याच्या कारखान्यात नोकरीला, हे पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना लिहून ठेवते. भीती वाटते आहे; पण मला ती गॅस बंद केला की नाही याचीही वाटते, तेव्हा ती हिशेबात धरू नये.

उद्या मी एकटी ‘मुका’ चढायला निघते आहे. दूरच्या रांगेतल्या या शिखराला नकाशात नुसता उंचीचा आकडा आहे. नाव आमच्या घरातले, कारण तिथे हाक मारली तर प्रतिध्वनी येत नाही. बाबा त्या रांगेत वाटाडे होते. मला शाळेत घालण्याआधी त्यांनी कडा, धार, घळ हे शब्द गिरवायला दिले होते.

१. घरातला माझा हिस्सा आईचा, तिच्यानंतर दादाचा. मागच्या खिडकीची कडी आधी वर उचलावी, मग ओढावी.

२. बँकेतली शिल्लक आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी. दादाने “बघू नंतर” म्हणू नये.

३. माझी शिलाई मशीन खालच्या मजल्यावरच्या मावशींना द्यायची होती. पण त्या साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही ठेवता येत नाही, असे वकिलांनी सांगितले. म्हणून ती आजच हातोहात दिली. मावशी म्हणाल्या, “मशीन देतेस आणि वर सही मागतेस, लोक लाच म्हणतील गं!” ही लाच नाही, हे येथे नमूद करते.

४. लांब दोर दादाला. तो दोघांनी बांधून घ्यायचा असतो. बाबा गेल्यापासून तो खुंटीवर आहे. सोबत येता का, असे मी कोणाला विचारले नाही असे नाही. गिर्यारोहण क्लबमधल्या सगळ्यांना विचारले. सगळ्यांनी आपुलकीने नाही म्हटले, आणि एकाने तर निघताना मला चहाही पाजला.

५. आता ज्यासाठी हे लिहायला घेतले ते. मुक्यावरून उतरताना वाट फुटते, तिथे डाव्या घळीच्या तोंडाशी बाबांनी दगडांची रास रचली आहे. रास दिसली की त्या बाजूने उतरायचे, हे तिकडे येणारा प्रत्येक जण जाणतो. बाबांच्या काळी घळ बर्फाने भरलेली असे आणि थेट तळापर्यंत उतरता येई. आता बर्फ टिकत नाही. घळ मध्येच कड्यावर तुटते, आणि ते वरून दिसत नाही. गेल्या वर्षी धुक्यात मी त्या खुणेवर विसंबून उतरले आणि पुढचे पाऊल टाकताना पायाखाली काही लागले नाही. कशीबशी परत वर आले, रास पाडली आणि घरी येऊन सांगितले.

दादा म्हणाला, “म्हणजे बाबा चुकले?”

“बाबा नाही रे. डोंगर बदललाय.”

“तू लहानपणापासून अशीच. सगळ्यांच्या चुका काढत बसायचं.”

मग तो बाबांच्या वर्षश्राद्धाला वर गेला आणि त्याने ती रास पुन्हा रचली. आधीपेक्षा उंच. आता ती लांबूनही दिसते. तेव्हापासून आम्ही बोलत नाही. आईच्या ताटाशेजारी आमची दोन ताटे असतात आणि मीठ आईच्या हातून फिरते.

म्हणून ती रास पाडायला मी जाते आहे. मी परतले नाही, तर शोधायला येणाऱ्यांनी आधी ती रास पाडावी, मग मला शोधावे. हा क्रम बदलू नये.

आणि दादा, तू येशीलच, मला माहीत आहे. माझ्या आठवणीसाठी तिथे एकही दगड ठेवू नकोस.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि माझ्या समजुतीप्रमाणे त्यात कोणावर अन्याय नाही.

ठिकाण : मावशींचे कापड बेतण्याचे टेबल
दिनांक : ९ ऑक्टोबर

सही : (धाकटी)

साक्षीदार :
१. खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या मावशी
२. कोपऱ्यावरचे कुलूप-किल्लीवाले. दादाला विचारले होते. वारसाला साक्षीदार होता येत नाही हे ठाऊक असूनही विचारले, निदान बोलेल म्हणून.