डेल्फिनाच्या पत्रातलं एक वाक्य

३ मार्च, सोमवार

"आई, बाकीच्यांच्या चुका तू लाल शाईने दाखवतेस, मग माझ्याच पेन्सिलने का?"

नेल्स सातवीत असताना म्हणाला होता. माझ्याच वर्गात होता तेव्हा. या शाळेत सातवीपासून बारावीपर्यंत इंग्रजी मीच शिकवते, दुसरं कोण असणार! मी हसून विषय बदलला होता. आज दिवसभर तेच वाक्य कानात.

दुपारी तुरुंगाचं पत्र आलं. १६ एप्रिलला त्याची पॅरोलची सुनावणी, शिक्षा संपण्याआधी सोडायचं की नाही याची. सहा वर्षांनी घरी येऊ शकेल. त्याच्या पलंगावरची चादर बदलली. उगाच. अजून दीड महिना आहे.

५ मार्च

अकरावीला आज थीसिसचं वाक्य शिकवलं. अख्खा निबंध ज्या एका वाक्यावर उभा राहतो ते. "ज्याला कुणीतरी 'हे पटत नाही' म्हणू शकेल असंच वाक्य हवं," मी म्हटलं. ब्रॉडीने लगेच हात वर केला – "'आपल्या कॅन्टीनची राजम्याची चिली उत्तम असते.' हे तर कुणालाच पटणार नाही, मिसेस एल. मग पूर्ण गुण?" वर्ग खदखदला. मीही.

तास संपल्यावर डेल्फिना ओरोस्को थांबली. ती कधीच थांबत नाही. सहा वर्षांपूर्वी माझ्या मुलाने दारू पिऊन गाडी चालवली आणि तिच्या भावाला उडवलं. रूबेन. एकोणीस वर्षांचा. पहाटे सायकलवरून मांसाच्या कारखान्यात पाळीवर चालला होता. गावात शाळा एकच, म्हणून तिला माझ्यासमोर बसावं लागतं. पाच वर्षं आम्ही एकमेकींशी फक्त परिच्छेद आणि स्वल्पविरामांबद्दल बोलतोय.

"पॅरोलवाले आम्हाला पाच मिनिटं देणार आहेत," ती म्हणाली. "आईला इंग्रजी येत नाही. मी वाचणार. त्याला सोडू नका म्हणून." मग वही पुढे केली. "तपासून द्याल?"

मी म्हटलं, समुपदेशक बाईंकडे जा. मी तपासणं बरोबर नाही.

"त्या 'छान लिहिलंयस गं' म्हणतात. सगळ्यांनाच म्हणतात. तुम्ही मला एकदाही पूर्ण गुण दिले नाहीत."

वही माझ्या टेबलावर ठेवून गेली.

६ मार्च

मुख्याध्यापक हाव्लिकना सांगितलं. "वेड लागलंय का तुम्हाला? सरळ नाही म्हणा!" दालचिनी-रोल चिलीत बुडवत म्हणाले. बरोबरच आहे त्यांचं. नाही म्हणायचं ठरवूनच वर्गात गेले. डेल्फिना आज मागचा बाक सोडून पहिल्या बाकावर बसली होती – पेन्सिलीला टोक करून.

नाही म्हणता आलं नाही.

११ मार्च

तिचं पहिलं वाक्य : नेल्स लिंडस्कोगला सोडू नये, कारण तो वाईट माणूस आहे.

माझं आडनाव तिने अगदी नीट लिहिलंय. एकही अक्षर चुकलेलं नाही.

"'वाईट' फार ढोबळ आहे," मी म्हटलं. दुसऱ्या कुणाच्या वहीवर म्हटलं असतं तसंच. शुक्रवारच्या शब्दयादीतले तीन शब्द फळ्यावर लिहिले. हलगर्जी – त्याच्या लक्षातच येत नाही. बेपर्वा – लक्षात येतं, पण पर्वा नसते. निर्दय – लक्षात येतं आणि तरीही तेच हवं असतं.

ती बराच वेळ फळ्याकडे बघत राहिली. "बेपर्वा," म्हणाली. मग, "बरोबर ना?"

बरोबर, मी म्हटलं. माझ्या मुलासाठी शब्द निवडून दिला मी! आणि तो बरोबर होता.

१४ मार्च

जेवण गेलं नाही.

१९ मार्च

आज समोरच्या बाजूबद्दल. चांगलं वाक्य 'जरी'ने सुरू होतं – जरी समोरच्याचं अमुक खरं असलं, तरी माझं म्हणणं असं असं. "तू त्यांची बाजू आधीच मांडलीस की त्यांच्या हातात काही उरत नाही."

"'जरी'च्या पुढे काय लिहू?" डेल्फिना म्हणाली. "त्याची बाजू मला कुठे माहितीय? तुम्हीच सांगा."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. खरंच विचारत होती. मी खिडकी लावायला उठले. वारा नव्हताच.

शेवटी म्हटलं, "तेव्हा तो वीस वर्षांचा होता, असं लिही."

"रूबेन एकोणीसचा होता," ती म्हणाली. आणि तेही लिहिलं.

२७ मार्च

पत्र आता खरंच चांगलं झालंय. अंगावर येतं. आणि मधोमध हे :

'धान्यकोठाराच्या कॅमेऱ्यात दिसतं की गाडी ५.४१ला थांबली. मदतीसाठी फोन ५.५२ला झाला. अकरा मिनिटं तो गाडीत बसून होता. त्यातली निदान आठ माझा भाऊ जिवंत होता. पोलिसाने आईला रूबेनचा डबा आणून दिला तेव्हा आतलं अजून गरम होतं.'

मी यावर काट मारली. समासात लिहिलं – 'विषयाला धरून नाही. भावनेच्या भरात.'

पेन्सिलने.

तिने वाचलं. दारापाशी जाऊन वळली. "मिसेस एल, समोर माणूस मरतोय आणि जो नुसता बसून राहतो, त्याला एक शब्द आहे?"

"भेदरलेला," मी म्हटलं.

"हा शब्द त्याच्या बाजूचा झाला," ती म्हणाली.

२ एप्रिल

नेल्सला भेटून आले. केस पांढरे व्हायला लागलेत, सव्विसाव्या वर्षी! खाऊच्या यंत्रातलं शेंगदाण्यांचं पाकीट घेतलं, निम्मं मला दिलं, लहानपणी द्यायचा तसं.

ओरोस्कोंची मुलगी बोलणार आहे, मी सांगितलं. मीच तिचं पत्र तपासतेय हेही.

रिकाम्या पाकिटाची घडी घातली. मग म्हणाला, "मग नीट तपास." आणि उठताना, हळूच – "ते तू कुणाला सांगायचं नाही. ठरलंय आपलं. तुझी नोकरी गेली, गावाने तुला वाळीत टाकलं, तर मी परत यायचं कुठे?"

सहा वर्षं दर भेटीला तो हे म्हणतो. दर भेटीला मी मान हलवते.

परतताना शंभर मैल गाडीत रेडिओ लावला नाही.

८ एप्रिल

डेल्फिनाने वही आणि तिच्यावरून केलेली स्वच्छ प्रत आणून दिली. काट मारलेला भाग तिने खरंच काढून टाकलाय. तिला पटलं म्हणून नव्हे. मी म्हटलं म्हणून. माझ्या गुणांवर तिचा विश्वास आहे!

पत्र आता नेटकं आहे. आणि लुळं. पॅरोल मंडळ ऐकून घेईल, माना डोलावेल आणि माझा मुलगा घरी येईल.

मला तेच तर हवंय.

चादर पुन्हा काढली. धुतली. वाळत घातली नाही. बादलीतच आहे.

९ एप्रिल

इथे तरी लिहू दे.

तो नुसता बसून नव्हता. त्याने आधी मला फोन केला. "आई, मी कुणालातरी उडवलंय. तो हलतोय." आणि मी पहिलं काय विचारलं – "कुणी पाहिलं का?" मग म्हटलं, थांब. कुणाला फोन करू नकोस. मला विचार करू दे. अकरा मिनिटं मी विचार करत होते. स्वयंपाकघरात उभी राहून, रात्रीच्या कपड्यात. तो रडत होता. "आई, तो हलायचा थांबलाय." तेव्हा त्यानेच माझा फोन ठेवला आणि मदत मागवली. मी सांगितलं म्हणून नव्हे.

गुन्हा त्याने कबूल केला. खटला उभा राहिला नाही. फोन कुणी तपासला नाही. 'मी सुन्न बसून होतो,' असं त्याने कोर्टात सांगितलं. शपथेवर.

हलगर्जी, बेपर्वा, निर्दय. तीनही शब्द मीच फळ्यावर लिहिले होते.

११ एप्रिल, शुक्रवार

डेल्फिनाला वही परत दिली. पेन्सिलची काट खोडून टाकली. त्या अकरा मिनिटांखाली लाल शाईने लिहिलं, त्या वेळी तो कुणाशी बोलत होता आणि ती त्याला काय म्हणाली. सगळं. नावासकट. हे मी तिच्यासाठी केलं की त्याच्यासाठी, मला माहीत नाही. यामुळे त्याचा दोष हलका होईल, हे तिला तिथल्या तिथे कळेल. म्हणून हे वाचायला ती नाहीच म्हणेल. तरी खाली एक ओळ लिहिली आहे – हे 'जरी'च्या पुढे घाल, डेल्फिना, आणि बुधवारी मोठ्याने वाच.