पालथा तवा अन् माही मयत

लटारू, सख्खी बहीण मेल्याचा फोन आला अन् तू म्हणला, "धान कापणी चालू हाये, तेरवीले येतो." म्या मेली नाई ही गोष्ट येगळी. पण तुले ते कुठी ठाऊक होतं?

आता रीतीचं. तुले आशीर्वाद. गुडघा कसा हाये? कापणीत वाकून राह्यला म्हणजे बराच असन. माही तब्येत बरी हाये, मेल्यापासून भूकही चांगली लागते. (फोनवर तू कापणी कापणी करून ठेवून देतो, म्हणून पत्र.)

झालं असं. मायचा बिडाचा तवा तुले माहीत हाये. काळाकुळकुळीत, धिरडं फुंकरीनं सुटे. माही नातसून पुनम (निकेशची बायको, स्वभावानं गाय, हातानं बैल), तिले तो काळा थर मळ वाटला. तिनं तारेच्या घासणीनं खरडून काढला अन् तवा रातभर पाण्यात बुडवून ठेवला. सकाळी तवा जंगानं लाल. म्या बोलली थोडंच, ती रडली जास्त. मंग मोबाईलात पाहून म्हणे, आजी, तव्याले तेल लावाचं, मंग सगळं पुसून टाकाचं, मंग तवा पालथा करून विस्तवावर ठेवाचा. म्या म्हटलं, पुसाचंच हाये तं लावाचं काऊन? ती म्हणे, थोडं राहते. म्हटलं, मंग थोडंच लाव. ती म्हणे, तसं नाई. (मले अजून समजलं नाई. तुले समजलं तं कळव.)

म्या गडचांदूरच्या बाजाराले निघून गेली, घरी राह्यली असती तं आणखी बोलली असती. हिनं अंगणातल्या चुलीवर तवा पालथा घातला अन् कानात गाणे लावून आत गेली. शेजारच्या अंजनाबाईनं कुंपणावरून पाहिलं. चुलीवर पालथा तवा, धूर, अन् म्या कुठीच नाई. चुलीवर तवा पालथा कधी पडते ते आपल्याकडं लहान पोरगंही सांगन, घरचं माणूस गेल्यावर. अंजनाबाईनं हंबरडा फोडला अन् रडत रडत तुले फोन लावला. पुनम बाहेर आली तं हंबरडा ऐकून जमलेले सारे रडून राह्यले. तिले वाटलं आजी बाजारात गाडीखाली आली. मंग ती रडली. तिचं रडणं पाहून बाकीच्याईची खात्री पटली.

म्या परतली तं अंगण भरलेलं. मले वाटलं पुनमचंच काई झालं. पदर डोळ्याले लावून बसली अन् बाजूच्या बाईले हळूच विचारलं, "कोण गेलं वं?" ती न पाहताच म्हणे, "म्हातारी गेली. तोंडानं फाटकी होती, पण मनानं बरी." म्या विचारात पडली, गावात माह्याहून म्हातारी कोण? तेवढ्यात अंजनाबाई किंचाळली, "अवं, तू बोलू नको, तू गेली!"

गड्याईनं बांबू तोडून आणले होते. ते म्या परत नेऊ देले नाई, कुंपणाले लावले. प्रेताच्या आंघोळीचं पाणी चुलीवर तापलं होतं. वाया कशाले घालवाचं? त्यानंच अंग धुतलं.

पण त्या पाण्यापायी तवा अर्ध्यातूनच उतरवला. तेल ना कच्चं ना पक्कं, तवा गुळाच्या ढेपेवानी चिकट. पुनम म्हणे पुन्हा घासा, निकेश म्हणे घासू नका, अंजनाबाई म्हणे जवसाचं तेल लावा, तिची सून म्हणे मोहाच्या टोरीचं. म्या दोन्ही लावले, जाड जाड. आता धिरडं निघत नाई, अन् निघालं तं तव्याचा पापुद्रा घेऊन निघते. निकेशनं चंद्रपूरहून न चिकटणारा तवा आणला. त्याच्यावर धिरडं घसरते, पण चव भिजल्या कागदाची. तोंडात दात नाई, म्या धिरड्यावर जगणारी बाई, अन् पेज पिऊन राह्यली. लोक म्हणतात म्हातारी मरता मरता वाचली. वाचून मरून राह्यली ते कोणाले दिसत नाई.

बाकी खुशाल.

तुही मोठी बहीण,
फुलाबाई (हयात)

ता. क. पुनमले माफ केलं असं वर लिहिलं नाई, कारण केलं नाई.

आणखी ता. क. तुही बायको रुखमाबाई, जिच्याशी म्या निकेशच्या लग्नापासून बोलत नाई (अन् बोलणारही नाई), तिच्या तव्यावर म्हणे धिरडं आपोआप उलटते. तवा चिकट झाला तं ती काय करते, सहज विचारून पाय. कोणासाठी ते सांगू नको.

शेवटचा ता. क. राहू दे. तू अर्धं विचारशीन अन् पाव लिहिशीन. हे पत्र तिच्या हातात दे. उत्तर रुखमाबाईनंच द्यावं, अन् लवकर.