भाऊबिजेला बुजवलेले झरोके

॥ श्री ॥
नागपूर,
दि. १८ एप्रिल २०२४

चि. गिरिधर यास,
ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन नको, पत्र लिही, असं मीच म्हटलं. दोन वाक्यांनंतर मला खोकला येतो आणि तू तिकडे पुण्यात घाबरतोस. पत्रात खोकला ऐकू येत नाही. तिसरी केमो झाली. केस गेले, पण भुवया शाबूत आहेत, त्यामुळे अजून रागावता येतं. जन्मात कधी बिडी-सिगारेट न ओढलेल्या बाईला फुप्फुसाचा कॅन्सर, हे प्रत्येक नव्या नर्सला समजावून सांगावं लागतं, त्याचाच जास्त थकवा येतो.

तुझे भाऊजी दिवाळीपासून व्हरांड्यात खाट टाकून झोपतात. सिगारेट सोडून पाच महिने झाले, तरी म्हणतात की माझ्या अंगाचा वास अजून गेला नाही, तुले त्रास होईल वं. जेवायलाही दारात बसतात. दवाखान्यात सगळ्यांसमोर तू म्हणालास ना, की सिगारेटी तुम्ही ओढल्या आणि धूर हिनं गिळला, ते त्यांच्या जिवाला लागलं आहे. चाळीस वर्षं ते ओढत होते हे खोटं नाही, आणि मीही तेव्हा गप्प बसले. पण माणूस स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा वागून राहिला आहे, ते बघवत नाही.

आपली हर्षा थंडीपासून माझ्या तळघरातच मुक्काम ठोकून आहे. माझं शिवणकाम बंद, तेव्हा मशीन कोपऱ्यात आणि नातीची पुस्तकं टेबलावर. बारावी तिथेच झाली, आता मेडिकलची प्रवेश परीक्षा. बाहेर ऊन रणरणतं आहे आणि खाली कूलरही लागत नाही.

हो, जानेवारीत तू कुरियरनं पाठवलेली ती ओल मोजायची डबी मशीनच्या वर टांगली होती. तीन महिने झाल्यावर तू दिलेल्या पत्त्यावर परत पाठवली. एवढी कसली रे ओल, की ती मोजायला तीन महिने लागतात?

चौकशा कमी आणि पत्रं जास्त, एवढा लोभ ठेव.

तुझी ताई,
सुमती


पुणे,
दि. २६ एप्रिल २०२४

ती. सौ. ताईस,
गिरिधरचा शि. सा. नमस्कार.

आज सकाळी हर्षाला फोन करून वरच्या खोलीत अभ्यासाला बसायला सांगितलं. काहून म्हणून तिनं चारदा विचारलं. तिला सांगितलं नाही, ते तुला सांगतो.

ती डबी ओलीची नव्हती. मी तुझ्याशी खोटं बोललो. ती रेडॉन नावाचा वायू मोजायची होती. डिसेंबरात आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात एका निवृत्त प्राध्यापकांचं व्याख्यान झालं. जमिनीत, दगडात युरेनियमचा अगदी बारीक अंश असतो, त्यातून हा वायू निघत राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. फरशीच्या फटींतून तो वर येतो. मोकळ्या हवेत विरून जातो, पण बंद खोलीत, त्यातून तळघरात, साचून राहतो. वर्षानुवर्षं श्वासातून आत गेला तर फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो, कधीही सिगारेट न ओढलेल्या माणसालासुद्धा. व्याख्यान संपलं, लोक चहाला उठले, मी खुर्चीतच बसून राहिलो.

तुझ्या शिवणाच्या खोलीला दोन झरोके होते. कोराडीच्या वीज केंद्राकडून वारा सुटला की अस्तरावर राख बसायची आणि गिऱ्हाइकांचे ब्लाऊज तुला दोनदोनदा झटकावे लागायचे. मी तिथे नोकरीला होतो तेव्हा कॉलनीत आम्हां सगळ्यांना एकच सवय होती, राख दिसली की खिडकी लावा. २००७च्या भाऊबिजेला मी स्वतः विटा लावून ते झरोके बुजवले, वरून प्लास्टर केलं, दाराला रबराची पट्टी ठोकली आणि ओवाळताना म्हणालो की हीच तुझी ओवाळणी. तू केवढी खूश झाली होतीस. पुढची सोळा वर्षं, रोज सहा-सात तास, तू त्या खोलीत शिवत बसलीस.

परवा आकडा आला. घरातल्या हवेत हा वायू घनमीटरला शंभर बेकरेलच्या आत असावा, फार तर तीनशे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुझ्या खोलीत सहाशे चाळीस निघाला.

आकडा येईपर्यंत बोलायचं नाही, असं मी ठरवलं होतं. इंजिनिअर माणूस मोजल्याशिवाय बोलत नाही, असं स्वतःला समजावलं. पण भाऊजींच्या वेळी काय मोजलं होतं? तिथे तर तोंडसुख घेऊन मोकळा झालो. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. आणि पोरगी तिथे अभ्यासाला बसते हे मला ठाऊक होतं. तिच्या पुस्तकांचं शेल्फ मीच पाठवलं होतं. तरी तीन महिने गप्प बसलो. हे मन खातं आहे.

तुझा आजार नेमका कशानं झाला, हे छातीठोकपणे कोणीच सांगू शकणार नाही. इथल्या डॉक्टरांना विचारलं. धूर आणि हा वायू एकत्र आले की धोका आणखी वाढतो, एवढंच ते म्हणाले. पण मी भाऊजींकडे बोट दाखवलं ते काही डॉक्टरी ज्ञानातून नव्हे. बाबांना हे लग्न पसंत नव्हतं, आणि आपल्या घरात दोष कोणाला द्यायचा ते पहिल्यापासून ठरलेलं होतं.

आशीर्वाद मागण्याची हिंमत नाही. लोभ उरला असेल तर कळव.

तुझा
गिरिधर


नागपूर,
दि. ४ मे २०२४

चि. गिरिधर यास,
तू मागितले नाहीस तरी आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं, मग त्यांच्या हातात दिलं. वाचून झाल्यावर चष्मा शोधतो म्हणून ते मागच्या अंगणात गेले आणि पंधरा मिनिटांनी आले. चष्मा डोळ्यांवरच होता. म्हणाले की आता पहिले ते झरोके फोडले पाहिजेत, आणि छन्नी-हातोडा घेऊन खाली उतरले.

झरोक्यांबद्दल तुला मी काय बोलू? राखेची कटकट मीच तुझ्यामागे लावली होती. मला राग आहे तो तुझ्या गप्प बसण्याचा. आमचे डॉक्टर म्हणाले की एका हिवाळ्यानं हर्षाला फारशी भीती नाही, धोका असतो तो वर्षानुवर्षांचा. म्हणून तू सुटलास असं समजू नकोस. तिची माफी तिच्याकडे माग, अठरा वर्षांची झाली आहे, तिला सगळं कळतं.

आणखी एक. तू दवाखान्यात बोललास ते हर्षानं ऐकलं, त्यांच्या बहिणीनं, प्रेमिलावन्संनी ऐकलं, शेजारच्या खाटेवरच्या अनोळखी बाईनंही ऐकलं. शब्द परत घेतोस ते मात्र पत्रातून, माझ्या एकटीजवळ. हे चालायचं नाही. ये, आणि सगळ्यांसमोर बोल. दारात ताट देणार नाही म्हणून मी हटून बसले, तेव्हा काल ते आत जेवले. बाकीचं तू येऊन कर.

रागावली आहे म्हणजे लोभ आहेच, एवढं तुला कळायला हवं.

ताई


नागपूर,
दि. ६ मे २०२४

श्री. गिरिधरराव यांस,
देवरावचा नमस्कार.

मी पत्र लिहिणारा माणूस नाही. हे सुमतीले न सांगता लिहून राहिलो.

झरोके दोन्ही फोडले. तुमचं प्लास्टर मजबूत होतं, दीड दिवस लागला. जाळी बसवली आहे. दुसरी डबी पाठवा, आता किती निघते ते पाहू.

सुमती तुम्हाले सगळ्यांसमोर बोलायले लावणार आहे. ते बोलू नका, अशी विनंती आहे. तुमचं पत्र वाचून मी मागच्या अंगणात गेलो होतो. मले वाटलं, मी रडून राहिलो. पण गिरिधरराव, मले आनंद झाला होता. सहा महिन्यांत पहिल्यांदा छाती मोकळी झाली. आत ती खोकत होती, तिचा आजार कालच्याएवढाच होता, आणि मी बाहेर उभा राहून मनात म्हणत होतो की मी नाही, मी नाही. त्याची मले फार लाज वाटते.

धूर आणि तो वायू मिळून धोका वाढतो, हे तुम्हीच लिहिलं आहे. मग माझा वाटा माझ्याकडे राहू द्या. तुम्ही चारचौघांत मले पूर्ण सोडवलं तर मी सुटून जाईन, आणि सुटलेला माणूस हळूहळू विसरतो. तिच्या तीन केमो अजून बाकी आहेत. मले विसरायचं नाही.

तुम्ही या मात्र नक्की. पुढच्या सोमवारी चौथी केमो आहे. दवाखान्याच्या पायऱ्या आता तिच्यानं एकटीनं चढवत नाहीत. एका बाजूनं मी धरतो, दुसऱ्या बाजूले माणूस लागतो.

लोभाचं मागून पाहू, आधी या.

देवराव