पुढची खोली, आणि राखून ठेवलेला एक शब्द

मी, श्रीमती गोदावरी वेणीमाधव गायधनी, वय ७४, निवृत्त इंग्रजी शिक्षिका, राहणार पंचवटी, नाशिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. ‘स्वखुशीने’ हा शब्द इथे घालायची रीत आहे. तो मी तूर्त राखून ठेवते. शेवटपर्यंत खरा ठरला तर शेवटी लिहीन.

कारण असं. गुरुवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. माझा एकुलता मुलगा गौरांग, अंबडच्या एका कारखान्यात इंजिनिअर, त्याने वकिलाकडून माझं मृत्युपत्र टाइप करून आणलं. सगळं घर त्याला, आणि खाली ‘स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय’. मी ते वाचत होते तेव्हा तो पेन उघडून समोर उभा होता. तेव्हापासून रोज विचारतो, आवाज चढवून. मला माझ्या मुलाची भीती वाटते. हे वाक्य लिहायला फार जड गेलं. आज सहाला तो सही केलेले कागद न्यायला येणार, म्हणून शेजारचे कारभारी थेटे आणि त्यांच्या पत्नी सगुणाबाई यांना साक्षीला मी आधीच बोलावून बसवलं आहे.

कलम १. घर माझ्या पगारातून बांधलं, माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते गौरांगलाच. मात्र पुढची खोली, जिथे माझा इंग्रजीचा क्लास चालतो, ती तृप्ती पिंगळे शिकवत असेल तोवर तिच्या वापरात राहील, आणि तोवर घर पाडून फ्लॅट बांधायला बिल्डरला देता येणार नाही; गौरांगचा तसा बेत आहे.

तृप्ती कोण, हे कोर्टाला कळावं. मखमलाबादच्या फुलशेतीवाल्यांची मुलगी. कंपनीच्या मुलाखतीत ‘खूप मेहनत करते’ म्हणायला ‘आय वर्क हार्डली’ म्हणाली, म्हणजे ‘मी जवळजवळ कामच करत नाही’. साहेब लोक हसले. पोरगी इथे येऊन ढसाढसा रडली. मी म्हटलं, रडून झालं की चालायला लाग. माझी शिकवायची पद्धतच ती. दारापासून खिडकीपर्यंत फरशीवर गेरूची रेघ. चिठ्ठी उचलायची, ‘स्लोली’, ‘प्राउडली’, ‘सिक्रेटली’, जे निघेल तसं रेघेवरून चालायचं आणि बाकीच्यांनी ओळखायचं. चालणं तेच, फक्त कसं ते बदलायचं. क्रियाविशेषण पाठ करून येत नाही, अंगात यावं लागतं. आता संध्याकाळचे वर्ग तृप्तीच घेते, आणि माझ्यापेक्षा बरी घेते. त्या रेघेला एवढी लांब खोली लागते. फ्लॅटच्या हॉलमध्ये हे व्हायचं नाही.

कलम २. आमचे हे रामकुंडावर पौरोहित्य करत. त्यांचं पळी-पंचपात्र गौरांगला. काचेच्या कपाटात शोभेला ठेवू नये.

कलम ३. आमच्या शाळेचे पर्यवेक्षक एकदा भर वर्गात म्हणाले होते, “क्रियाविशेषण एका मार्काला येतं, कशाला वेळ घालवता बाई?” त्यांना माझी आधाराची काठी. हल्ली फार जपून चालतात असं ऐकते.

कलम ४ लिहायला घेतलं तोच गौरांग आला. सहा वाजायचे होते. घडलं तसं लिहिते. साक्षीदार समोर बसले आहेत.

“झाली का सही?”

“माझं मी लिहितेय.”

त्याने कागद उचलून उभ्याउभ्या वाचला. “त्या मुलीसाठी मला अडकवणार तू? बिल्डर थांबणार आहे का? कोर्टात जाईन मी, आई.” टेबलावर हात आपटला. चष्म्याचं घर खाली पडलं.

कारभारी उठले. “दादा, आधी बस. पाणी पे. लय वरडू राह्यला तू.”

“मला भीती वाटते तुझी,” मी म्हटलं. त्याच्या तोंडावर, पहिल्यांदाच. “घर तुझंच आहे. खोली तिची. मी एक अक्षर खोडणार नाही.”

 त्याने कागद टेबलावर ठेवला आणि तो निघाला. पायऱ्या उतरून पुन्हा वर आला. दारातूनच म्हणाला, “गुरुवारी सातला गाडी आणतो. दवाखान्याची फाइल काढून ठेव.” आणि गेला.

जन्मभर मी मुलांना ‘कसं’ ओळखायला शिकवलं. तो हे कसं म्हणाला, रागाने, नाइलाजाने की मायेने, मला ओळखता आलं नाही.

कलम ४. मी दवाखान्यातून परत आले नाही तरी क्लास बंद ठेवू नये. गेरूची रेघ पुसट झाली आहे, ती तृप्तीने नव्याने ओढावी.

याआधी माझ्या नावाने टाइप झालेलं दुसरं कोणतंही मृत्युपत्र खरं मानू नये.

हे मी घाबरत घाबरत, पण स्वखुशीने लिहिलं आहे.

गोदावरी वेणीमाधव गायधनी (सही)

गोदावरीबाईंनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली:
१. कारभारी फकिरा थेटे (सही)
२. सगुणाबाई कारभारी थेटे (सही)

पंचवटी, नाशिक
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५