वऱ्हाडाचा जिना

मंगळवार, संध्याकाळ

दिवसभर ऑफिसात मान मोडून मंगळवेढ्याच्या मंगल कार्यालयाच्या नकाशातला जिना कॉम्प्युटरवर काढला. मुख्य फाईलला जोडायचा तेवढा राहिला होता. मी चहाला खाली गेले आणि शेजारच्या टेबलावरच्या संतोषने फाईलमधली सगळ्यांनी मिळून काम करायची सेटिंगच काढून टाकली! आता माझं काम तिला जोडलंच जात नाही. विचारायचं तरी? तर म्हणतो, "फाईल लई जड झालती. आता बघ की, कशी पळतीय!"

पळणारच. माझा जिना नाही ना तिच्यात.

वर तीच फाईल आमच्या आर्किटेक्ट सरांना पाठवली, आणि सरांनी शाबासकीही दिली! जेवणाचा हॉल वरच्या मजल्यावर, जिना नाही, आणि दोघांनाही दिसलं नाही? मी का सांगू? उद्या कार्यालय बांधणारी पार्टीच विचारू दे, "वऱ्हाडानं जेवायला वर जायचं कुटनं?" मग या म्हणावं माझ्याकडे जिना मागायला.