नवऱ्याच्या नावाचा रकाना

गारखेडा, औरंगाबाद
९ डिसेंबर १९९३

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. सासूबाईंचा गुडघा बरा आहे, नळाला तिसऱ्या दिवशी पाणी येतं आणि वाळूजच्या कंपनीची बस पहाटे पाचला नेमकी आपल्याच दारात भोंगा वाजवते. तुम्ही रत्नागिरीत समुद्राची हवा खाताय, खा.

मत्स्य खात्याच्या परवान्यांसाठी काठावरचा सर्व्हे कसा चाललाय, असं विचारलंत. वाईट चाललाय. कोकणातल्या मच्छीमारांसाठी तुम्ही केलेला फॉर्म इथे पैठणच्या धरणाला जसाच्या तसा चिकटवलाय. होडी कोणाची, जाळं कोणाचं. काठावरच्या बायकांकडे होडीही नाही आणि जाळंही नाही. घमेलं आहे, विळी आहे. होडीवरून मासळी विकत घ्यायची, साफ करायची, वाळवायची आणि बाजारात जाऊन बसायचं. त्यांच्यासाठी शेवटच्या पानावर 'इतर' म्हणून एक ओळ, आणि तिच्याखाली नवऱ्याच्या नावाचा रकाना.

बानाबाई त्यातलीच. घर मेंढपाळांचं. चराईची जमीन धरणात गेली, मेंढरं विकली, नवरा वाळूजला हमालीला लागला. तो महिन्यातून एकदा येतो. चार तोंडं हिच्या घमेल्यावर जगतात. परवान्यांची यादी लागली, तर तिच्यात हिचं नाव नाही. जानेवारीपासून यादीबाहेरच्यांना होडीजवळ उभं राहू देणार नाहीत. अशा एकतीस जणी आहेत. सगळ्यांपुढे एकच शेरा : 'माहिती देण्यास नकार'.

तो शेरा कोणी मारला हे तुम्ही विचारलं नाहीत आणि मीही गेल्या दोन पत्रांत शिताफीने टाळलं.

मी मारला. त्या दिवशी नामांतराच्या मोर्चामुळे दुपारनंतर एसटी बंद होणार, अशी बातमी होती. मोर्चाला बोल लावत नाही. एका नावासाठी माणसं पंधरा वर्षं मार खातायत, आणि मला पाच मिनिटं थांबता आलं नाही. नवऱ्याचं नाव विचारलं तर बानाबाई तोंडाला पदर लावून गप्प. शेजारची पारूबाई म्हणाली, "ती न्हाई घ्यायची, बाई." पारूबाईलाच विचारलं असतं तरी काम झालं असतं. मी घड्याळ पाहिलं आणि लिहून मोकळी झाले. मग पुढच्या तीस जणींनाही तेच.

मला ही चाल माहीत नव्हती का? सतरा वर्षं 'अहो'वर संसार चाललाय. तुमचं नाव सांगायची वेळ आली की सासूबाईंना पुढे करते. पाकिटावरसुद्धा तुमचा हुद्दाच लिहिते.

फोनवर मी नुसतं, काही फॉर्म अर्धवट राहिलेत, एवढंच सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "अर्धवट फॉर्म गाळायचेच असतात." मला तेव्हा बरं वाटलं होतं. त्याचीच आता लाज वाटते.

परवा पुन्हा काठावर गेले आणि सगळं सांगितलं. बानाबाई चिडली नाही, ते जास्त लागलं. हातातला मासा न थांबता साफ करत म्हणाली, "मासं म्या इकते, बाई. वास माझ्या हाताला. मग नाव त्यांचं कामून?"

कचेरीत विचारलं. साहेब म्हणाले, रत्नागिरीहून आलेला रकाना आहे, भरावाच लागेल. आणि भरला, तर परवाना नवऱ्याच्या नावाने निघणार. म्हणजे वाळूजला पोती उचलणारा मासळीवाला, आणि ही पुन्हा 'इतर'. मी डोकं धरून बसले.

सोमवारी, वीस तारखेला यादीवरच्या हरकतींची सुनावणी आहे. रकाना काढल्याचं पत्र तुमच्या सहीने त्याआधी यायला हवं. नाही आलं तर मी तिथे लिहून देणार आहे, की कोणीही नकार दिला नव्हता, शेरा खोटा आहे. माझी हंगामी नोकरी जाईल. तुम्हाला कचेरीत बायकोवरून बोलतील. बोलू देत.

पाकिटावर या वेळी तुमचं पूर्ण नाव घातलंय. घालताना मोठ्याने म्हणून पाहिलं. सासूबाईंनी ऐकलं.

सदाशिव, तो रकाना काढा.

उमा